ब्लोअर ओढ्यात धुऊ नका

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या ब्लोअरची घरघर सुरू होते. परतीचा पाऊस रेंगाळला तर डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारण्या आणखी वाढतात. याच दिवसांत बागेलगतच्या ओढ्यावर कधी कधी पांढरा फेस तरंगताना दिसतो.

हा फेस बहुधा मूळ औषधाचा नसतो, औषधासोबतच्या घटकांचा असतो. ‘ईसी’ औषध पाण्यात मिसळावे म्हणून त्यात इमल्सिफायर असतो. भुकटी चटकन भिजावी म्हणून ‘डब्ल्यूपी’तही तसाच घटक घालतात. वरून औषध पानाला चिकटावे म्हणून आपण स्टिकर ओततो. हे सगळे साबणाच्या जातीचे. ते पाण्याच्या पृष्ठभागावर गोळा होऊन त्याचा ताण कमी करतात. मग ओढ्याचे पाणी बंधाऱ्यावरून कोसळले, त्यात हवा मिसळली, की बुडबुडे लवकर फुटत नाहीत.

नुकसान फेसापुरते नसते. हे घटक माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. ग्लायफोसेट या तणनाशकासोबत वापरला जाणारा ‘पीओईए’ हा असाच घटक मासे आणि बेडकांच्या पिलांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक ठरतो. युरोपीय संघाने 2016 साली ग्लायफोसेटच्या औषधांत त्याला मनाई केली.

पाण्यावरचा प्रत्येक फेस औषधाचाच असतो असे नाही. कुजलेल्या पाल्यानेही तपकिरी, मातकट वासाचा फेस येतो. आळंदीला इंद्रायणीवर दिसणाऱ्या फेसामागे मुख्यतः कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी आहे. तो शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ओढ्यात उतरवून धुतलेल्या ब्लोअरची जबाबदारी आपलीच.

लेबलवर सांगितले नसेल तर स्टिकर घालू नका. शाम्पू किंवा धुण्याची पावडर तर मुळीच नको. टाकी आधी निम्मी भरा आणि पाण्याच्या पाइपाचे तोंड पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे फेस उतू जाऊन औषध वाया जात नाही. रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. टाकी धुतलेले पाणी पातळ करून त्याच बागेत, विहीर आणि ओढ्यापासून लांब फवारून टाका. उरलेले औषध आणि धुवण यांनी पाणी दूषित होऊ नये, हे कीटकनाशक नियम, 1971 मधील नियम 44 सांगतो.

यंदा पहिल्या फवारणीआधीच ब्लोअर धुण्याची जागा बागेत ठरवा आणि फवारणीला येणाऱ्या माणसांनाही ती दाखवून ठेवा.