मेस्त्री म्हणाले, ओल आहे

आमचं मूळ गाव विटा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी सांगली जिल्ह्यातली माणसं देशभर पांगली, तसे आमचे तात्या चेन्नईला आले आणि सौकारपेटेत त्यांनी भट्टी लावली. मी मात्र कागद आणि पुठ्ठ्याच्या व्यापारात शिरलो. अंबत्तूरला आमचं गोदाम आहे, सपाट स्लॅबचं, 6 हजार चौरस फुटांचं. पुठ्ठ्याचा गठ्ठा एका कोपऱ्यात भिजला तरी ओल आतपर्यंत ओढतो आणि सगळा गठ्ठा रद्दीच्या भावात जातो. म्हणून छत हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्याच छताच्या बाबतीत मी 2019 साली मोठी चूक केली.

ते वर्ष चेन्नईकर विसरणार नाहीत. जूनमध्ये पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव आटले होते. जुलैत जोलारपेटहून पाण्याची रेल्वे आमच्याजवळच्या विल्लिवाक्कमला यायला लागली. असं कोरडं वर्ष छताच्या कामाला उत्तम, असा माझा हिशेब होता. गच्चीवरचा जुना वेदरिंग कोर्स, म्हणजे चुन्यातली वीटखडी आणि वरच्या फरश्या, जागोजाग फुटला होता. तो काढून उताराचा नवा सिमेंटचा थर द्यायचा आणि त्यावर मॉडिफाइड बिटुमेनचं मेम्ब्रेन, म्हणजे सुधारित डांबराची पाणी अडवणारी चादर, गॅसच्या ज्योतीने चिकटवायचं, असं ठरलं. कंत्राटदाराने दाखवलेल्या माहितीपत्रकात आखाती देशांतल्या वाळवंटी इमारतींचे फोटो होते. तिथल्या उन्हात जे टिकतं ते चेन्नईत टिकणारच, हा युक्तिवाद मला पटला.

माल वाईट नव्हता, हे आधी सांगतो. साध्या डांबराचा फेल्ट उन्हाळ्यात मऊ पडून ओघळतो, कारण साधं डांबर 50 अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागतं आणि काळं छत भर दुपारी 70 अंशांपुढे सहज जातं. एपीपी जातीच्या मेम्ब्रेनमध्ये डांबरात एक प्रकारचं पॉलिप्रॉपिलीन मिसळलेलं असतं, त्यामुळे ते साधारण 150 अंशांपर्यंत आकार सोडत नाही. आत पॉलिस्टरची जाळी असते, ती ताण सोसते. इटलीत 1960 च्या दशकात निघालेला हा प्रकार आज जगभर उष्ण प्रदेशांत वापरतात. दुसरा एसबीएस नावाचा प्रकार रबरासारखा ताणतो, पण तो थंड हवेत जास्त शोभतो. आपल्याकडच्या उन्हाला एपीपी बरं, हे मत आजही माझं आहे.

चूक ओलीची होती. उताराचा थर जुलैच्या शेवटी पडला. त्यावर नीट पाणी मारायला पाणी नव्हतं आणि ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या सरी सुरू झाल्या. दिवसा थर पांढरा दिसायचा, पण आत पाणी मुरलेलं असायचं. आमचे जुने मेस्त्री त्या दिवशी गच्चीवर होते. त्यांनी थरावर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "ईरम इरुक्कु, सार." ओल आहे. आठ-दहा दिवस थांबा, असं त्यांचं सांगणं होतं. कंत्राटदाराची माणसं पुढच्या कामावर जाणार होती. प्रायमर, म्हणजे मेम्ब्रेनआधीचा पातळ डांबरी हात, मारला की ओल वर येत नाही, असं त्याने सांगितलं आणि मी त्याचं ऐकलं. चाळीस वर्षं याच शहराच्या गच्च्या बांधणाऱ्या माणसाच्या हातापेक्षा मला माहितीपत्रक खरं वाटलं.

काम झाल्यावर गच्चीवर पाणी भरून चाचणी घ्यायची असते. त्या पाणीटंचाईत टँकर मागवून गच्चीवर ओतायला माझं मन होईना. चाचणी राहून गेली.

पुढच्या मेमध्ये लॉकडाउन होता. अग्नी नक्षत्रम, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंतचे जळते दिवस, गोदाम बंद असताना गेले. जूनमध्ये मी गच्चीवर गेलो तर मेम्ब्रेनवर ताटाएवढे फुगे आले होते. ओलीची उन्हाने वाफ होते, वाफेला वर वाट नसते, ती मेम्ब्रेनला उचलते. रात्री गार होताना फुग्यात कमी दाब होतो आणि आजूबाजूची ओल आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी फुगा थोडा मोठा होतो. असे शंभर दिवस गेले की जोड सुटतात. वाळवंटात हे कमी घडतं, कारण तिथली कोरडी हवा स्लॅब पार सुकवून टाकते. चेन्नईत मे महिन्यातही समुद्राकडून दमट वारा येतो आणि पहाटे गच्ची ओलसर असते. ऊन वाळवंटासारखं, हवा किनाऱ्याची, अशा गावात आम्ही राहतो, हे मी विचारातच घेतलं नाही.

25 नोव्हेंबर 2020 च्या रात्री निवार चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं. दिवसभर चेन्नईत पाऊस ओतत होता. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा पाणी गोदामाच्या मधोमध ठिबकत होतं, पण छतावरचा फाटलेला जोड पॅरापिटजवळ, म्हणजे गच्चीच्या कठड्याजवळ होता, तिथून वीसेक फूट लांब. मेम्ब्रेनखाली शिरलेलं पाणी उताराने वाट काढतं आणि स्लॅबला जिथे भेग असेल तिथे उतरतं. त्यामुळे खालचा डाग बघून वर ठिगळ लावणं बहुतेक वेळा वाया जातं. माझ्या 11 पॅलेट कागदाचा लगदा झाला होता. गठ्ठे उचलायला गेलेल्या पोरांच्या हातात ते तुटून येत होते, आणि ती मुलं माझ्याकडे बघत होती.

2021 च्या फेब्रुवारीत सगळं खरवडून नव्याने केलं. यावेळी मेस्त्रींना विचारल्याशिवाय एकही दिवस पुढे गेला नाही.

चेन्नईच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणून इथे छताचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करावं. थर सुकला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या अंगाला थेंब दिसले किंवा खालचं सिमेंट काळपट दिसलं तर थांबा. आम्ही तीन ठिकाणी कागद लावले होते. दोन कोरडे निघाले, तिसऱ्या जागी, टाकीच्या सावलीत, आणखी सहा दिवस थांबावं लागलं. जुना स्लॅब पूर्ण सुकेल याची खात्री नसेल तर वाफ बाहेर जाण्यासाठी छतात ब्रीदर बसवून घ्या.

मेम्ब्रेनचे रोल आले की वजन करा. 4 मिलिमीटर जाडीचा, 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब रोल 40 किलोच्या आसपास भरतो. 30-32 किलो भरला तर तो 3 मिलिमीटरचा आहे. माझ्या पहिल्या कामात कागदावर 4 होतं, कापून बघितलेल्या तुकड्यात 3 निघालं. ही तपासणी मी कामानंतर सव्वा वर्षाने केली.

बाकी गळती होते ती जोडांत आणि कडांना. बाजूचा जोड किमान 100 मिलिमीटर आणि टोकाचा 150 मिलिमीटर एकमेकांवर चढलेला हवा आणि तापवताना कडेतून वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती नसेल तर जोड नुसता टेकलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थापीचं टोक जोडात घालून बघा. पॅरापिटच्या पायथ्याशी सिमेंटचा गोल वाटा करून घ्या, म्हणजे मेम्ब्रेन काटकोनात मोडत नाही. भिंतीवर ते वीतभर तरी चढवून खाचेत दाबून बंद करा. पाऊसपाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी मेम्ब्रेन आत वळवलेलं हवं, आणि उतार 100 ला 1 पेक्षा कमी नको. मग पाइपांची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा. त्यासाठी टँकर लागला तरी मागवा. निवारच्या रात्री गेलेल्या मालाच्या किमतीत असे कितीतरी टँकर आले असते.

विदर्भात किंवा खानदेशात गोदाम असलेल्यांना थोडं वेगळं सांगेन. अकोला, चंद्रपूर, जळगावला एप्रिलात स्लॅब लवकर सुकतो, तिथे शत्रू धूळ आहे. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीला चिकटतो, सिमेंटला चिकटत नाही. झाडून झाल्यावर ब्लोअर मारा, आणि दुपारी गच्चीवर काम करू नका. तापलेल्या मेम्ब्रेनवर बुटांचे ठसे उमटतात आणि गॅसची ज्योत किती वेळ धरली याचा कामगाराला अंदाज राहत नाही.

मेम्ब्रेन उघडं ठेवायचं की झाकायचं, यावर मतं वेगळी आहेत. झाकलं तर पुढे गळती शोधणं अवघड जातं, हे खरं. तरी मी झाकलं. वर संरक्षक जिओटेक्स्टाइल, मग सिमेंटचा थर आणि चेन्नईत घरोघरी दिसतात तशा पांढऱ्या फरश्या. काळं छत रात्रीपर्यंत खाली उष्णता सोडतं आणि पत्र्याच्या शेडसारखं गोदाम तापतं, तो त्रास गेला. एसीच्या बाहेरच्या युनिटचे लोखंडी पाय आता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आहेत, कारण पहिल्या वेळी असाच एक पाय मेम्ब्रेनमध्ये रुतून भोक पडलं होतं.

सौकारपेटेतल्या ज्या घरात तात्यांनी संसार केला, त्याची गच्ची जुन्या मद्रास टेरेस पद्धतीची होती. सागवानी वासे, त्यावर तिरप्या रांगांत कडेवर उभ्या लावलेल्या पातळ विटा, वर चुन्यातली वीटखडी, आणि ती दिवसचे दिवस बडवताना गूळ आणि कडुक्काय, म्हणजे हिरड्याचं पाणी शिंपडलेलं. तो चुना ओल घ्यायचा आणि सोडायचा. डांबराला ते जमत नाही, म्हणून डांबर घालण्याआधी खालचा थर कोरडा हवा. मेस्त्रींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि मला ते दीड वर्ष आणि अकरा पॅलेट देऊन समजलं.

डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग वादळाच्या पावसात अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत पाणी भरलं. आमच्या गोदामात ते शटरखालून आलं आणि खालच्या ओळीतले गठ्ठे गेले. छत कोरडं राहिलं. तुमच्या गच्चीचं काम या वर्षी निघणार असेल, तर प्रायमर लावायच्या आदल्या रात्री प्लॅस्टिकचा कागद चिकटवा आणि सकाळी स्वतः जाऊन उचला.