शेतकऱ्याचा धीर

शास्त्रभाग : याकोब ५:१–११, यिर्मया, अध्याय २८ व २९



‘देवाच्या वेळेची वाट पाहा’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतो. मुलाला नोकरी नाही, मुलीचे लग्न जमत नाही, लग्नाला बारा वर्षे होऊनही घरात पाळणा हललेला नाही, आजार हटत नाही. आपण भेटीस जातो, प्रार्थना करतो आणि उंबरठा ओलांडताना हे वाक्य बोलून येतो. वाक्य खोटे नाही. पण वाट पाहायची म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचे, हे त्या घराला त्यातून कळत नाही. याकोबाच्या पत्रात त्याचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते.

याकोबाने धीराचा उपदेश करताना संन्याशाचे उदाहरण घेतले नाही, शेतकऱ्याचे घेतले. त्याच्या देशात पेरणीच्या सुमारास, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिला पाऊस येई आणि दाणा भरण्याच्या वेळी, मार्च-एप्रिलात, शेवटचा. दोन्ही मिळाले तरच पीक घरात येई. आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाचा पाऊस झाला की एकाच रानात, एकाच तिफणीने, आपण मूग आणि तूर पेरतो. मूग सत्तर दिवसांच्या आत-बाहेर निघतो. पोळा-गणपतीच्या सुमारास तो घरातही येतो. तूर मात्र तेव्हा नुसतीच उभी असते. तिला फूल नाही, शेंग नाही. पहिले दोन महिने तर ती वर फारशी वाढतच नाही. तिचे सोटमूळ खोल जात असते आणि ते आपल्याला दिसत नाही. पुढे पाऊस संपतो, वरची जमीन भेगाळू लागते, तेव्हा त्याच मुळावर ती तग धरते आणि डिसेंबर-जानेवारीत रास होते. कलबुर्गीच्या ज्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती अशी पाच-सहा महिने थांबून मिळते. मुगाबरोबरच तूर कापणाऱ्याला फक्त बैलांसाठी पाला मिळेल.

पण त्या महिन्यांत शेतकरी झाडाखाली निजून राहत नाही. कोळपणी आहे, खुरपणी आहे, शेंग धरली की अळीवर नजर ठेवणे आहे. पाऊस पाडणे आणि दाण्याचे दिवस कमी करणे एवढेच त्याच्या हाती नाही. बाकी सारे त्याचेच काम आहे. धीर धरण्याचा विषय निघतो तेव्हा आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. जे देवाने स्वतःकडे ठेवले आहे त्यासाठी रात्रभर तळमळतो, आणि जे आपल्याकडे सोपविले आहे ते ‘प्रभू पाहून घेईल’ म्हणून सोडून देतो. मुलीला ताप येऊन आठ दिवस झाले असता दवाखान्यात न नेता वाट पाहत बसणे याला शास्त्रात धीर म्हटलेले नाही.

या अकरा वचनांत दोन निरनिराळे ग्रीक शब्द आले आहेत, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे. शेतकऱ्याविषयी बोलताना जो शब्द आहे तो ‘माक्रोथुमिया’. चटकन न पेटणारे, लांब मन असा त्याचा भाव. अकराव्या वचनात ईयोबाविषयी आहे तो ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. आपल्याकडची बरीच मुले शाळेत कानडी वाचतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांना हा दुसरा शब्द लवकर कळेल, कारण धीरासाठी कानडीत ‘ताळ्मे’ म्हणतात आणि तो ‘ताळु’ म्हणजे सोसणे, टिकणे यावरून आला आहे.

आता ईयोबाचा धीर कसा होता ते पाहा. तो गप्प बसला नव्हता. तिसऱ्या अध्यायात त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि पुढे अध्यायामागून अध्याय त्याने देवाशी वाद घातला. शहाणपणाचे धीरगंभीर उपदेश केले ते त्याच्या मित्रांनी, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा राग झाला तो त्या मित्रांवर! म्हणून आमची विनंती आहे की, भेटीच्या वेळी एखादी भगिनी रडली, ‘देव माझे का ऐकत नाही?’ असे म्हणाली, तर तिचा विश्वास कमी पडला असे तिला सांगू नये. ती ज्याच्याकडे तक्रार करते आहे त्याला तिने सोडलेले नाही.

आणखी एक गोष्ट. आपण हा शास्त्रभाग वाचताना नेहमी सातव्या वचनापासून सुरुवात करतो. पहिली सहा वचने कोणी वाचत नाही. चौथ्या वचनात काय आहे? शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी धन्याने अडकवून ठेवली आहे, आणि ती मजुरीच ओरडते आहे. ते ओरडणे प्रभूच्या कानी गेले आहे. ‘धीर धरा’ हे शब्द याकोबाने त्या ओरडण्याच्या पाठोपाठ लिहिले. आपल्या मंडळ्यांत शेतमजुरी करणारी, ऊसतोडीला जाणारी, कामासाठी हैदराबाद-पुण्याकडे जाणारी कुटुंबे किती आहेत हे आपण जाणतो. त्यांचा हिशेब राहिला असता वडीलमंडळींनी ‘देवाच्या वेळी मिळेल’ असे म्हणून विषय संपवू नये. याकोबाने धन्याला धीराचा नव्हे, न्यायाचा निरोप दिला आहे.

वाट किती काळ पाहायची, हा प्रश्न यिर्मयाच्या काळी उघडपणे विचारला गेला. बाबेलात नेलेले लोक केव्हा परत येतील? हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांदेखत सांगितले की, दोन वर्षांत. त्यासाठी त्याने यिर्मयाच्या मानेवरील जू मोडूनही दाखविले. यिर्मया त्यावर प्रथम काय म्हणाला? ‘आमेन, तसेच होवो.’ त्यालाही तेच हवे होते! पण देवाने त्याला दिलेला आकडा सत्तर होता. एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आपल्या पुष्कळ घरांत कॅलेंडरवर छापलेले असते. त्याच्या लगेच वरचे दहावे वचन, ज्यात ही सत्तर वर्षे आहेत, ते मात्र कॅलेंडरवर आम्हांस अद्याप दिसले नाही. ज्यांनी ते पत्र ऐकले त्यांतील प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरी पत्रात लिहिले आहे की, घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. आजही ‘याच महिन्यात तुमचे काम होईल’ अशी तारीख देणारे उपदेशक गावोगाव येतात. तारीख सांगणे सोपे असते. तो महिना उलटून गेल्यावर त्या घरी जावे लागते ते गावच्या पाळकाला.

आपल्याच भागाशी संबंध आलेल्या एका विश्वासणारीचे उदाहरण येथे देतो. पंडिता रमाबाईंनी १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शाळा काढली व तिचे काम आपली मुलगी मनोरमा हिच्याकडे सोपविले. त्याच काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचे आणखी एक काम चालू होते. साध्या बायांना वाचून कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांना द्यायचे होते. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. आश्रमातील स्त्रियाच खिळे जुळवीत व छापखाना चालवीत. काम सुमारे अठरा वर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. जिच्यावर सारे सोपवायचे तीच गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आले.

पण याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात वाट पाहत बसल्या नव्हत्या. मध्य प्रांतात मुली व विधवा उपाशी मरत आहेत असे कळताच त्या तेथे गेल्या आणि शेकडोंना घेऊन आल्या. जागा अपुरी होती, तरी त्यांनी आणले. भाषांतराला अठरा वर्षे देणारी बाई भुकेल्या मुलीला अठरा दिवसही थांबवीत नव्हती. कोठे थांबायचे आणि कोठे धावायचे हे तिला ठाऊक होते.

शिक्षकांनी लहान वर्गासाठी मूठभर मूग व मूठभर तूर आणावी आणि कोणते पीक आधी निघते हे मुलांनाच सांगू द्यावे. ती आपल्याहून बरोबर सांगतील. मोठ्या वर्गात याकोब ५:४ पासून वाचन सुरू करावे. कोणी तरी विचारीलच की, ‘आणि पाऊस आलाच नाही तर?’ आपल्या भागातील मुलाने हे विचारणे साहजिक आहे. हा प्रश्न टाळू नये. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले वडीलधारे अजून आपल्यात आहेत. त्यांपैकी एखाद्यास वर्गात बोलवावे आणि त्या वर्षी काय खाल्ले, कोणती कामे केली, प्रार्थना कशी केली हे मुलांना ऐकू द्यावे. मग हबक्कूक ३:१७–१९ काढावे. तेथे अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी संदेष्टा प्रभूच्या ठायी आनंद करतो आहे. पुढे त्या वर्षी पीक आले, असे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही.