फोटोत किल्ला मातीचा ढीग का दिसतो?

प्रश्न : दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला. दगड, माती, गोणपाट, औषधांची रिकामी खोकी, नारळाची शेंडी असं सगळं घरातलं आणि शेतातलं. विकत आणले ते फक्त मावळे. समोर उभं राहून बघितलं की मन हरखून जातं. पण मोबाइलवर फोटो काढला की नुसता मातीचा ढीग दिसतो, आणि मावळे अगदीच खेळण्यातले वाटतात. काही लोक शेवाळ, काड्या, टाकाऊ डबे यांतून इवली दृश्यं उभी करून असे फोटो काढतात की जागा खरीच वाटते. आमचं कुठे चुकतं? चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?
– एक वाचक, इंदुरी (ता. मावळ)

उत्तर : कॅमेरा घेऊ नका. या कामाला मोबाइलच बरा, त्याचं कारण पुढे सांगतो. आणि मुलांचं तर काहीच चुकलेलं नाही. चूक आहे ती फोटो काढताना आपण जिथे उभे राहतो तिथे.

हिशेब करून बघा. बाजारातला मातीचा मावळा साधारण ३ इंचांचा असतो. खरा माणूस धरा साडेपाच फुटांचा, म्हणजे ६६ इंच. किल्ल्याचं जग आपल्या जगाच्या बाविसाव्या हिश्शाचं झालं. आपण अंगणात उभे राहून फोटो काढतो तेव्हा मोबाइल जमिनीपासून ५ फुटांवर असतो. मावळ्याच्या मापाने ही उंची ११० फूट भरते. म्हणजे अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरून आपण खाली बघत असतो. तिथून खरा किल्लासुद्धा खेळण्यासारखाच दिसेल.

आता उलटा हिशेब करा. आपले डोळे जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर असतात. मावळ्याच्या जगात ती उंची ७ सेंटिमीटर. एवढ्या खाली भिंग न्यायचं तर मोबाइल उलटा धरायचा. वर असलेलं भिंग तळाला येतं. काडेपेटी उभी केली की ५ सेंटिमीटर भरते. दोन काडेपेट्या उभ्या ठेवून त्यांवर उलटा मोबाइल टेकवा आणि मागून विटेचा आधार द्या. भिंग बरोबर मावळ्याच्या डोळ्यांच्या पातळीला येईल. मग जमिनीवर पालथं पडा आणि पडद्यावर बघा. आतापर्यंत जो उंचवटा होता त्याचा कडा होतो. मावळ्याच्या मागे तट उभा राहतो, तटामागे आभाळ येतं. शेजारची पायपुसणी, पाण्याचा पाइप, चपला सगळं आपोआप चौकटीबाहेर जातं. बाकी काहीही केलं नाही तरी एवढं एक करून बघा. फोटो बदलल्याशिवाय राहत नाही.

दुसरी गोष्ट धूसरपणाची. भिंग वस्तूच्या जितकं जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो. पुढचा मावळा स्पष्ट आला की मागचा बुरूज धूसर होतो. खऱ्या किल्ल्यासमोर असं होत नाही. तिथे दहा फुटांवरचा माणूस आणि पन्नास फुटांवरचा दरवाजा दोन्ही स्वच्छ दिसतात. आपल्या मेंदूला हे पक्कं ठाऊक असतं. आजूबाजूला सगळं धूसर दिसलं की तो लगेच ठरवतो, वस्तू इवलीशी आहे. याच युक्तीने काही छायाचित्रकार खऱ्या शहराच्या फोटोत मुद्दाम वरखाली धूसरपणा आणतात आणि मग मोटारी, माणसं खेळण्यातली वाटू लागतात. आपल्याला नेमकं उलटं हवं. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा, त्यामुळे तिथे धूसरपणा जास्त. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे बराच भाग एकदम स्पष्ट येतो. मोबाइल बरा म्हटलं ते म्हणूनच. फक्त ‘पोर्ट्रेट’ बंद ठेवा, कारण तो मुद्दाम मागचं धूसर करतो. शिवाय फार जवळ जाऊ नका. दोन हात मागे सरका आणि थोडं झूम करा.

आता सामानाकडे येऊ. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण इथे मावळात राहणाऱ्याला निसर्गाने आयतंच सगळं दिलं आहे.

दगड कुठलाही घ्या, तो मापात बसतोच. आपला काळा बेसाल्ट फुटला की मुठीएवढ्या तुकड्यावरसुद्धा कड्यासारख्याच कपारी आणि धारा दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात, ते याचसाठी. तसं केलं नाही तर बघणाऱ्याला खडक वीतभर आहे की डोंगराएवढा, ते कळत नाही. त्यांची ही अडचण आपल्या पथ्यावर पडते. रस्त्याच्या कामातली उरलेली खडी आणा, धुऊन तिची फुटलेली बाजू पुढे ठेवा, आणि सह्याद्री तयार.

माती मात्र मापात बसत नाही. वाळूचा मिलिमीटरभर कण त्या जगात दोन सेंटिमीटरचा खडा होतो. म्हणून किल्ल्यावरची वाट नेहमी खडी पसरल्यासारखी दिसते. वरचा शेवटचा थर वस्त्रगाळ मातीचा द्या. जुन्या ओढणीतून चाळली तरी चालेल. चहाचा चोथा धुऊन, वाळवून झाडाखाली भुरभुरला की पाचोळ्याची जमीन होते.

किल्ल्यावर पेरतात त्या अळिवाबद्दल सांगताना जरा जिवावर येतं, कारण आपल्या सगळ्यांच्या दिवाळीच्या आठवणी त्या हिरव्या कोंबांत अडकलेल्या आहेत. पण इंचभर वाढलेला अळीव मावळ्याच्या मापाने पावणेदोन फुटांहून उंच होतो. खालून फोटो काढला की त्याची पानं कोबीच्या वाफ्यासारखी दिसतात. अळीव दूरच्या उतारावर राहू द्या, तिथे तो छान रान वाटतो. मावळ्याच्या पायाशी शेवाळ लावा. पावसाळा सरल्यावर मावळात ओलसर भिंतींवर, आडाच्या कठड्यावर ते अजून ताजं असतं. सुरीने हलकेच पापुद्रा उचलायचा आणि ओल्या मातीवर दाबायचा. गढीच्या किंवा देवळाच्या भिंतीवरचं मात्र कृपा करून काढू नका.

झाडांचीही अशीच गंमत आहे. शेवग्याची वाळलेली पर्णिका दीड सेंटिमीटरची. बावीसपट केली की ३३ सेंटिमीटर, म्हणजे सागाचं पान! वाळलेल्या तुळशीचं रोप मुळासकट उपटलं की खोड, फांद्या, गाठी यांसह जुना वृक्ष हातात येतो. त्यावर बाभळीची बारीक पानं चिकटवली की झाड भरतं. भाताची काडी ३ मिलिमीटर जाड, म्हणजे त्या जगातला बांबू. दिवाळीच्या सुमाराला मावळात भाताची कापणी सुरू असते, तेव्हा पेंढ्याला तोटा नाही. पहारेकऱ्यांच्या मेटावरच्या झोपडीचे वासे पेंढ्याचे करा, पण शाकारायला पेंढा जाड पडतो, तिथे नारळाच्या शेंडीचा काथ्याच हवा.

पाणी मात्र कधीच मापात येत नाही. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे काही मिलिमीटरांचाच राहतो, किल्ला लहान असो वा मोठा. एकदा शेवाळ हिरवंगार दिसावं म्हणून मी फोटोच्या आधी त्यावर पाणी शिंपडलं. पडद्यावर बघतो तर मावळ्याच्या पायाजवळ लखलखते गोळे पडलेले. पाच मिलिमीटरचा थेंब त्या जगात अकरा सेंटिमीटरचा होतो, सोललेल्या नारळाएवढा. तेव्हापासून मी पाणी आदल्या संध्याकाळी घालतो आणि सकाळी दव टिपून घेतो. तळं करायचं असेल तर आरसा ठेवा, कडेला माती सारवा. धबधबा खरा हवाच असेल तर व्हिडिओ काढा आणि तो स्लो मोशनमध्ये. लहान उंचीवरून पडणारं पाणी फार लवकर खाली येतं. बावीसपट लहान जगात वेग सुमारे पावणेपाच पटींनी कमी करावा लागतो. मोबाइलचा सेकंदाला १२० चौकटींचा स्लो मोशन नेहमीच्या ३० चौकटींच्या हिशेबाने चौपट संथ चालतो. म्हणजे जवळपास जमलं. उदबत्तीचा धूरसुद्धा तसाच काढा.

उजेड कुणाचा घ्यावा? सूर्याचा. याला कारण आहे. सूर्य आपल्यापासून इतका लांब आहे की त्याचा उजेड दगडी तटावर पडो की खोक्याच्या, सावलीची कड त्या त्या मापातच मऊ होते. व्हरांड्यातली चार फुटी ट्यूब मावळ्याच्या जगात ८८ फूट लांब होते. तसला दिवा कुठल्या आभाळात असतो? रात्री काढायचाच तर ट्यूब बंद करा आणि एकच लहान बल्ब लांब, उंच धरा. पण सकाळी सातची तिरपी उन्हं मिळत असतील तर दुसरं काही शोधू नका. पणत्यांच्या उजेडात डोळ्यांना किल्ला सुंदर दिसतो, पण फोटोत ज्योत मावळ्याच्या डोक्याहून मोठी होते.

एक सुचवायचं आहे. पुढच्या दिवाळीला किल्ला कुठला करणार? २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यांत आपल्या मावळातला लोहगड आहे, त्यामुळे मुलं लोहगडच म्हणतील. करू द्या. पण लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंडच सुमारे दीड किलोमीटर लांब आहे. मावळ्याच्या मापात करायची तर ६८ मीटर जागा लागेल, अंगण कुठून आणणार? म्हणूनच गिरिदुर्गाच्या प्रतिकृतीत मावळे नेहमी राक्षसाएवढे दिसतात आणि फोटो फसतो.

तुमच्या गावात मात्र मापात बसणारा किल्ला उभा आहे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची इंद्रायणीकाठची गढी. शाहू महाराजांनी खंडेरावांना १७१७ मध्ये सेनापतिपद दिलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच ही गढी उभी राहिली. भुईकोट असल्यामुळे डोंगर रचायचा प्रश्नच नाही. तटाची भिंत पंचवीस फूट धरली तरी अंगणात ती फूटभराहून थोडीच उंच होईल. बुरुजाला खाली घडीव दगड आणि वर वीट, हे मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. दगडी भागासाठी अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा भिजवून त्याचे चौकोनी तुकडे लावा. तो वाळला की त्याचा खरबरीतपणा दगडासारखाच दिसतो. नऊ इंची विटेला बावीसने भागलं की सेंटिमीटरभर येते. तेवढ्या चिपा जुन्या कौलाच्या तुकड्यांतून फोडून निघतात. गेरू लावायची गरज नाही, कौलाचा रंग मुळातच विटेचा असतो. आत कडजाई देवीचं देऊळ विसरू नका. आणि किल्ला अशा कोपऱ्यात मांडा की मागे घरं येणार नाहीत, खरं आभाळ येईल. जमलं तर मागे भंडाऱ्याचा डोंगर घ्या. सकाळच्या विरळ धुक्यात तो निळसर, फिकट दिसतो आणि ते अंतर कुठल्याही पुठ्ठ्याच्या डोंगराने साधत नाही.

इवल्या दृश्यांचं हे वेड नवं नाही. जपानचे तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक इवलं दृश्य मांडून त्याचा फोटो काढतात. ब्रोकोलीचं झाड, पावाचा डोंगर असं काही. पण त्यांना ब्रोकोली ब्रोकोलीच दिसायला हवी असते, त्यातच मजा आहे. तुम्हाला हवी आहे ती दुसरी कला. आणि इवल्या वस्तूंशी कॅमेऱ्याने खेळणारा माणूस आपल्याकडे फार आधी होऊन गेला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ नावाचा तो इवला चित्रपट दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि १९१३ मध्ये ‘हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढे त्यांनी काडेपेटीतल्या काड्यांनाही हालतं-चालतं केलं, त्या चित्रपटाचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. अळीव पेरलात की त्या दिवसापासून मुलांना हेच करायला सांगा. मोबाइल त्याच विटेवर, त्याच वेळी, रोज एक फोटो. आठवड्यात डोंगर हिरवा होताना दिसेल.

किल्ला मोडायच्या आधी शेवटचा एक फोटो जरूर काढा. तो उभं राहून नको, तसाच पालथं पडून. फक्त त्यात मावळ्याशेजारी काडेपेटी उभी ठेवा. भूगर्भशास्त्रज्ञ हातोडी ठेवतात तशी. नाहीतर आधीचे फोटो बघून लोक विचारतील, हा किल्ला कुठे आहे? आणि तो आपल्या अंगणात होता यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.