चावऱ्या माशीचा घरगुती सापळा : साहित्य आणि खर्च

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गोठ्यातील माशी हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकात काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या घरात दोन म्हशींच्या दुधावर किराणा आणि मुलांची फी अवलंबून असते, त्या घराच्या अर्थशास्त्रात माशीला निश्चित स्थान आहे. माशा चावू लागल्या की जनावर वैरण सोडून शेपटी आपटीत उभे राहते, धारेच्या वेळी लाथा झाडते आणि दूध आटते. शिवाय रोगाचे भय आहेच. ‘सर्रा’ रोगाचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे शोधले. हे जंतू एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेण्याचे काम चावऱ्या माशा करतात. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या रोगाच्या प्रसारातही या माशांचा वाटा असतो.

या माशा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक मोठ्या डोळ्यांची, जिला कोणी डांस तर कोणी गोमाशी म्हणतात. हिची फक्त मादी रक्त पिते. दुसरी घरमाशीसारखीच, पण पुढे सुईसारखी ताठ सोंड असलेली. हिचे नर-मादी दोघेही चावतात.

केनियातील संशोधनातून पुढे आलेला आणि स्टीव्ह मिहॉक यांनी २००२ मध्ये वर्णन केलेला ‘न्झी’ सापळा दोहोंवर चालतो. स्वाहिली भाषेत न्झी म्हणजे माशी. युक्ती साधी आहे. निळा रंग माशीला दुरून ओढतो, काळ्यावर ती बसते, आणि उडताना ती उजेडाकडे, म्हणजे वर जाते. म्हणून तीन काठ्यांवर त्रिकोणी तंबू उभारायचा. समोरची बाजू निळ्या कापडाची, पण खालून आत शिरण्यास मोकळी. आत काळे कापड. मागच्या दोन बाजूंना जाळी. आणि वर जाळीचाच निमुळता शंकू, ज्याच्या टोकाशी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीत शिरलेल्या माशीला खालची वाट सापडत नाही.

आता हिशेब. आमच्या बाजारात दोन मीटर निळे सुती कापड १८० रुपयांना, एक मीटर काळे ८० रुपयांना, मच्छरदाणीची तीन मीटर जाळी १५० रुपयांना पडते. सुतळी व तार ३० रुपये, शिंप्याची शिलाई १५० रुपये. बांबू कुंपणातला, बाटली घरातली. एकूण ५९० रुपये. घरात जुनी मच्छरदाणी असेल आणि शिवण हाताने घातली, तर खर्च २९० रुपयांवर येतो. काळ्यासाठी जुन्या छत्रीचे कापडही चालावे. मात्र हाताच्या शिवणीला दोन दुपारी जातात. अर्थशास्त्राच्या तासाला ज्याला संधिखर्च म्हणतात तो हाच, आणि आमच्याकडे तो बहुधा आईच्या खात्यावर पडतो. कोणी मांडत नाही, एवढेच.

काटकसर कोठेही करावी, निळ्या कापडात करू नये. स्वस्त, चकाकणारे पॉलिएस्टर आपल्याला निळे दिसते. परंतु माशीला अतिनील किरणही दिसतात आणि असे कापड ते परावर्तित करते. मग माशी फिरकत नाही आणि उरलेले सर्व पैसे वाया जातात. म्हणून गडद, न चकाकणारे सुती कापडच घ्यावे.

आमिष फुकट आहे. शिळ्या गोमूत्राच्या वासाने माशा येतात. उघड्या तोंडाच्या डब्यात ते सापळ्याजवळ ठेवावे. केनियातील न्गुरुमान भागात मसाई पशुपालकांनी त्सेत्से माशीसाठी वापरलेल्या सापळ्यांतही गोमूत्र असे.

सापळा गोठ्यात नव्हे, तर बाहेर उन्हात, मोकळ्या जागी, झुडपे आणि जनावरे यांच्या मध्ये लावावा. कापडाची खालची कड जमिनीपासून वीतभर असावी आणि भोवतीचे गवत कापावे. म्हशीचे शिंग पोचेल एवढ्या अंतरावर मात्र नको. तिला निळ्या रंगाचे काय वाटते याचे संशोधन आमच्या गोठ्यात करायला नको.

चिकट पट्ट्या स्वस्त दिसतात, पण गोठ्यातील धूळ आणि पाऊस त्यांना टिकू देत नाहीत. दुसऱ्या प्रकारची माशी शेण-मुतात कुजलेल्या वैरणीत वाढते. दाव्याखालचा तो थर आठवड्याला खरवडून उकिरड्यावर टाकला नाही, तर एक बाटली भरेपर्यंत दुसऱ्या बाटलीच्या माशा जन्मतात. निळा रंग उन्हाने विटतो, तेव्हा पुढल्या हंगामासाठी कापडाचे १८० रुपये वेगळे धरावेत; जाळी आणि बांबू तेच चालतात.