पुलाखालचा मासा

सन १९९१ मध्ये जपानमधील सेगा या कंपनीने ‘सॉनिक द हेजहॉग’ नावाचा व्हिडिओ खेळ प्रसिद्ध केला. त्यात सॉनिक नावाचा एक निळा, काटेरी प्राणी पडद्यावर वाऱ्याच्या वेगाने धावतो आणि उड्या मारीत वाटेतील संकटे ओलांडतो. आरंभीचा प्रदेश हिरव्यागार टेकड्यांचा आहे. मार्ग सुखाचा वाटू लागतो, आणि तोच एक लाकडी पूल लागतो.

पुलाखालून एकाएकी एक तांबडा मासा जबडा वासून सरळ वर उसळतो. त्याचे नाव चॉपर. त्याचा स्पर्श होताच सॉनिकने जमविलेली सोन्याची कडी चोहोकडे विखुरतात. जवळ एकही कडे नसेल, तर प्राणावरच बेतते. नवखा खेळाडू घाबरतो, अधिकच वेगाने धावू लागतो आणि नेमका त्या जबड्यात सापडतो.

परंतु क्षणभर थांबून पाहणाऱ्यास निराळेच दृश्य दिसते. हा मासा कोणाचाही पाठलाग करीत नाही. तो एकाच जागी वर येतो, खाली जातो आणि पुन्हा वर येतो. त्याच्या उडीची उंची ठरलेली, तिचा काळही ठरलेला. ही लय ध्यानात आली, की भय उरत नाही. तो खाली गेला असता पूल ओलांडावा, अथवा अंगाचा चेंडू करून त्याच्यावर झेप घ्यावी. आघात होताच मासा फुटतो आणि आतून एखादा इवलासा पक्षी किंवा ससा निसटून पळतो! कारण चॉपर हा खरा मासा नव्हेच. डॉक्टर रोबॉटनिक नावाच्या दुष्टाने मुका जीव आत कोंडून बनविलेले ते यंत्र होय. ज्याला शत्रू समजावे, त्याच्याच पोटात एक बंदिवान असतो.

चॉपरचे रूप दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या पिरान्हा माशासारखे आहे. त्या खऱ्या माशाविषयीही असेच भय पसरले होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ब्राझीलच्या प्रवासवर्णनात त्यास जगातील सर्वांत क्रूर मासा ठरविले. पुढे शास्त्रज्ञांनी शांतपणे निरीक्षण केले, तेव्हा आढळले, की तांबड्या पोटाचा पिरान्हा मेलेले प्राणी, किडे आणि वनस्पतीही खातो. तो थव्याने राहतो, तेही पुष्कळ अंशी स्वतःच्याच रक्षणासाठी. कारण मोठे मासे आणि सुसरीसारखे प्राणी त्याला खातात. त्याचे दात मात्र खरोखरच तीक्ष्ण आहेत, म्हणून सावधगिरी हवीच.

सावधगिरी आणि भीती या दोन गोष्टी भिन्न आहेत. भीती डोळे मिटावयास लावते. सावधगिरी ते उघडे ठेवावयास शिकविते. पूल पडद्यावरचा असो वा नदीवरचा, तो डोळे उघडे ठेवणाऱ्यासच सुखरूप पार करता येतो.

स्वाध्याय

१. नवखा खेळाडू चॉपरच्या जबड्यात का सापडतो?
२. ‘त्याच्याच पोटात एक बंदिवान असतो’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. भीती आणि सावधगिरी यांतील फरक एका उदाहरणाने सांगा.