संसद, न्यायालय आणि कलम १८-अ

संसद श्रेष्ठ की सर्वोच्च न्यायालय, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला हमखास निघतो. ‘संविधान श्रेष्ठ’ या उत्तराला गुण मिळतात. परंतु दोघेही संविधानाचेच नाव घेऊन परस्परविरुद्ध बोलू लागले तर काय होते, हे त्यातून उमगत नाही. म्हणून आम्ही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची हकीकत सांगतो.

१९८९ च्या या कायद्याचे कलम १८ आरोपीस अटकपूर्व जामीन नाकारते. हे समतेच्या हक्काविरुद्ध आहे असा आक्षेप आला, तेव्हा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. पुढे कराड येथील एका शासकीय महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून उद्भवलेले प्रकरण दिल्लीस पोहोचले. २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने गैरवापराचे कारण देऊन निर्देश दिले: लोकसेवकाच्या अटकेस नियुक्ती प्राधिकाऱ्याची, इतरांच्या अटकेस वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची लेखी परवानगी, गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा.

न्यायालयाने एकही कलम रद्द केले नव्हते. कायद्यात नसलेल्या पायऱ्या त्यात बसविल्या होत्या, आणि आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. ज्याच्या शेतावर मजुरीला जावयाचे त्याच्याच विरुद्ध तक्रार देणाऱ्याला, गुन्हा नोंद होण्याआधीची चौकशी म्हणजे ‘मिटवून टाक’ असे दडपण सोसण्याचा काळ होय. आपल्या पुसेगाव परिसरातील वाचकांना हे फोडून सांगावयास नको.

२ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले: गुन्हा नोंदविण्यास प्राथमिक चौकशी नको, अटकेस परवानगी नको. बहुमताच्या बळावर निकाल पुसता येत नाही. निकाल ज्या कायद्यावर उभा असतो तो मात्र बदलता येतो. या वाटेची पहिली मोठी खूण १९५१ ची. मद्रास प्रांतातील जातवार जागावाटप ९ एप्रिल रोजी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. बाबासाहेब कायदेमंत्री असताना, सत्तर दिवसांच्या आत, पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले.

अर्थात संसदेचा शब्दही अखेरचा नसतो. कलम १८-अ लाही आव्हान मिळाले. त्याचा निकाल लागण्यापूर्वी १ ऑक्टोबर २०१९ रोजी, केंद्र सरकारच्या पुनर्विलोकन याचिकेवर, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी व चौकशीचे निर्देश मागे घेतले होते. १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरले.

मात्र त्या निकालातील एक वाक्य आपले लोक सहसा वाचत नाहीत: तक्रारीवरून प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होत नाही. प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो तो मुख्यतः तक्रारीच्या मजकुरातून. अपमान लोकांच्या नजरेसमोर, कोणत्या ठिकाणी, कोणत्या शब्दांत झाला, कोण उपस्थित होते, हे पहिल्याच कागदावर यावयास हवे. दहावीच्या मुलांकडून आम्ही निबंधाबरोबर असा अर्जही लिहून घेतो.