‘मीच एकटी’ असं वाटेल तेव्हा

बाळ, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असं तू परवा फोनवर म्हणालीस. तुझं दुःख खरं आहे, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण स्वतःची कीव करायची सवय जडली की मूळ दुःख बाजूला राहतं आणि कीवच माणसाला पोखरते. म्हणून थोडं कानात सांगते.

बायबलातलं पहिला राजे हे पुस्तक काढ, 19वा अध्याय. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांना पुरून उरलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपानं रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवानं त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट लांबची होती. तेव्हा रात्री उशिरा आयुष्याचा हिशोब मांडायचा नाही. जेव, दिवा मालव, झोप. थकल्या अंगानं मांडलेला हिशोब चुकतोच.

पुढे होरेब डोंगरावर एलीया तेच गाऱ्हाणं दोनदा सांगतो: मीच एकटा उरलो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो आणि मग कामं सोपवतो. हजाएल, येहू, अलीशा यांचा अभिषेक कर म्हणतो. शिवाय हेही सांगतो, की बआलापुढे गुडघे न टेकलेले 7000 जण इस्राएलात आहेत. एलीयाचा ‘एकटा’ हा आकडाच चुकीचा होता. कीव नेहमी असंच मोजते: जखमा सगळ्या धरते, सोबतची माणसं वगळते.

देवाजवळ कुरकुर करू नये, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. स्तोत्रसंहिता गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे, 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. पण ती स्तोत्रं लिहिणारी माणसं देवाशी बोलत होती आणि तू स्वतःशीच बोलत बसतेस. एक वही कर. ‘मला कुणी विचारत नाही’ असं लिहिलंस, तर ते खोडून त्याखाली लिही: ‘प्रभू, मला कुणी विचारत नाही, हे तू बघतोयस ना?’ दुखणं तेच राहील, पण आता ते कुणाला तरी सांगितलेलं असेल. भाषा सभ्य ठेवायच्या भानगडीत पडू नकोस, त्याला सगळं चालतं.

पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. हे पचायला अवघड आहे, मला आजही अवघड जातं. पण एवढं नक्की, प्रभूचं बळ आगाऊ हातात पडत नाही. ‘आधी बरं वाटू दे, मग उठेन’ म्हणणारी बसूनच राहते. उठून हाताला येईल ते काम धरलं की त्यापुरतं बळ मिळतं.

पंडिता रमाबाईंकडे बघ. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा. पदरात तान्ही लेक मनोरमा. पुढे त्यांनी प्रभूला धरलं आणि केडगावात शेकडो निराधार बायामुलींना जवळ केलं. 1921 साली मनोरमाही गेली. मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी तरीही सोडलं नाही. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. कीव करायला त्यांच्याइतकी कारणं कुणाला होती?

आणखी एक, हे नीट ऐक. दिवसच्या दिवस झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतंय, असं असेल तर ती कीव नव्हे, आजार आहे. त्याला विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता. सरळ डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री 14416 या सरकारी टेली-मानसच्या नंबरवर फोन कर. प्रार्थना आपण सोबत करूच.

आणि येत्या रविवारी उपासना संपली की मान खाली घालून घरी पळू नकोस. मागच्या बाकावर एकटं बसलेलं कुणीतरी असतंच. त्यांच्याजवळ जा, त्यांचं नाव विचार आणि त्यांच्यासाठी तिथेच प्रार्थना कर.